बारा स्वर, चार वाटा: विसाव्या शतकातील आधुनिकतावादी संगीतकार ऐकायचे तरी कसे?

आर्नोल्ड शोनबर्गच्या जन्माला १३ सप्टेंबर २०२४ रोजी १५० वर्षे पूर्ण झाली. व्हिएन्ना या त्याच्या जन्मगावी आणि इतरत्रही त्या वर्षी त्याच्या रचना आवर्जून वाजवल्या गेल्या, आणि त्याबरोबर शंभर वर्षांपूर्वीचा प्रश्नही पुन्हा विचारला गेला: यात सूर कुठे आहे? मोझार्ट किंवा बेथोव्हेन आवडीने ऐकणारा श्रोतासुद्धा शोनबर्गपाशी येऊन अडखळतो आणि मग स्ट्राविन्स्की, बार्टोक, मेसियाँ अशा सगळ्यांनाच ‘न कळणारे आधुनिक’ म्हणून एका गाठोड्यात बांधून मोकळा होतो.

या सगळ्यांना आधुनिकतावादी म्हणतात, म्हणजे साधारण १९०० नंतर युरोपीय संगीताचे रूढ व्याकरण आता अपुरे पडते असे मानून नवे व्याकरण घडवणारे रचनाकार. मात्र ते एकसारखे मुळीच नाहीत. प्रत्येकाने जुन्या व्याकरणातील एखादी गोष्ट सोडली आणि बाकीच्या गोष्टी मोठ्या निष्ठेने सांभाळल्या. कोणी काय सोडले आणि काय धरून ठेवले, हे एकदा ध्यानात आले की कोणाच्या रचनेत कान कुठे द्यायचा, हे बरेचसे उमगते. या लेखात चौघांची तुलना त्याच अंगाने केली आहे.

आधी होते ते काय?

हार्मोनियमवर एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या, अशा बारा पट्ट्या असतात. युरोपीय संगीताचेही स्वर हेच बारा. आपल्याकडे तानपुरा मैफलीच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत षड्ज देत राहतो. गायक कितीही दूर गेला तरी त्या षड्जाची आठवण कोणी तरी करून देतच असते. युरोपीय वाद्यवृंदात तानपुरा नसतो. तिथे मूळ स्वर कोणता, हे कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजवलेले तीन किंवा अधिक स्वर, कोणत्या क्रमाने येतात त्यावरून श्रोत्याच्या मनात ठसवावे लागते. शिवाय एकाच रचनेत हा मूळ स्वर बदलतो आणि शेवटी पुन्हा पहिल्या जागी येतो. या व्यवस्थेला आपण ‘स्वरकेंद्र’ म्हणू.

एसटीने परगावी निघालेला माणूस वाटेत कितीही थांबे घेत गेला, तरी मुक्कामाला तो आपल्या गावी परतणार, या भरवशावर प्रवासाची गोडी टिकून असते. अठराव्या शतकातील रचना असे छोटे आणि सुखाचे प्रवास करत. एकोणिसाव्या शतकात हे प्रवास लांबत गेले. रिशार्ड वाग्नरच्या ‘ट्रिस्टान आणि इझोल्ड’ या ऑपेराचा पहिला प्रयोग १८६५ मध्ये म्युनिकला झाला. त्यात एक विसंवादी कॉर्ड सुटायच्या आत दुसरी विसंवादी कॉर्ड येते आणि पूर्ण विश्रांती ऑपेराच्या अगदी शेवटापर्यंत लांबवली जाते. १९०० च्या सुमारास तर प्रवास इतके लांबले होते की आपले गाव कोणते, हेच श्रोत्याला आठवेनासे झाले. आठवण करून द्यायला तानपुरा नव्हताच. पुढे काय करायचे, हा प्रश्न शोनबर्गच्या पिढीसमोर अशा रीतीने उभा राहिला.

शोनबर्ग: केंद्र सोडले, शिस्त सोडली नाही

शोनबर्ग हा चप्पल-बुटांचे दुकान चालवणाऱ्याचा मुलगा. पोटासाठी काही काळ त्याने बँकेत नोकरी केली आणि संगीत तो बहुतांशी स्वतःच शिकला. त्याची सुरुवातीची ‘रूपांतरित रात्र’ (१८९९) ही रचना वाग्नरच्याच वाटेवरची आणि अतिशय भावपूर्ण आहे. १९०८ मध्ये त्याने दुसरे स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांच्यासाठीची रचना, लिहिले. त्यात अखेरच्या दोन भागांत एक गायिका श्टेफान गेओर्गच्या कविता गाते, आणि शेवटच्या भागात दुसऱ्या ग्रहावरची हवा जाणवते असे शब्द येतात, तिथेच स्वरकेंद्र जवळजवळ सुटते. व्हिएन्नातील पहिल्या कार्यक्रमात श्रोत्यांनी गोंधळ घातला. ३१ मार्च १९१३ रोजी त्याच शहरात शोनबर्गच्या संचालनाखाली त्याच्या आणि त्याच्या शिष्यांच्या रचनांचा कार्यक्रम होता. तिथे आल्बान बेर्गची गाणी चालू असताना हाणामारीपर्यंत वेळ आली आणि कार्यक्रम थांबवावा लागला.

केंद्र गेल्यावर एक व्यावहारिक अडचण उभी राहिली: दीर्घ रचना कशाच्या आधारावर बांधायची? शोनबर्ग त्यावर अनेक वर्षे विचार करत राहिला आणि १९२० च्या दशकाच्या आरंभी त्याने बारा स्वरांची पद्धत सिद्ध केली. बाराही स्वरांचा एक क्रम आधी ठरवायचा, त्यात प्रत्येक स्वर एकदाच येईल, आणि सगळी रचना त्या क्रमातून उगवेल. या क्रमाला आपण स्वरमालिका म्हणू. ती सरळ वापरता येते, उलट्या क्रमाने वापरता येते, चढत्या अंतरांच्या जागी तेवढीच उतरती अंतरे घेऊन वापरता येते आणि ते रूपही उलट वाचता येते. ही चार रूपे बारा स्वरांपैकी कोणत्याही स्वरापासून सुरू करता येतात, म्हणून एका मालिकेची एकूण ४८ रूपे मिळतात.

ऑपस २५ (ऑपस म्हणजे रचनाक्रमांक) या पियानोच्या रचनेची (१९२१ ते १९२३) मालिका पांढऱ्या एकच्या ‘सा’वरून आपल्या सरगमीत लिहिली तर अशी दिसते: शुद्ध ग, शुद्ध म, प, कोमल रे, तीव्र म, कोमल ग, कोमल ध, शुद्ध रे, शुद्ध नी, सा, शुद्ध ध, कोमल नी. हार्मोनियम जवळ असेल तर हे स्वर सावकाश वाजवून पाहावेत. कोणताही स्वर घर वाटत नाही, कारण एकही स्वर परत येत नाही, आणि घर वाटायला परत येणे हे लागतेच. आता शेवटचे चार स्वर उलटे वाजवावेत: कोमल नी, शुद्ध ध, सा, शुद्ध नी. जर्मन स्वरलिपीत या स्वरांची अक्षरे B, A, C, H अशी आहेत, म्हणजे अठराव्या शतकातील जर्मन रचनाकार ‘बाख’ याचे नाव होते. ज्याच्यावर परंपरा मोडल्याचा आरोप होता, त्याने आपल्या नव्या पद्धतीच्या अगदी सुरुवातीच्या कृतींपैकी एकीत बाखचे नाव कोरून ठेवले, आणि त्या रचनेचे भागही गव्होट, मिन्युएट, जीग अशा बाखच्या काळातील नृत्यांच्या घाटाचे ठेवले. शोनबर्ग स्वतःला परंपरेचा पुढचा वारसदार मानत असे, आणि या रचनेत त्याचा पुरावा ऐकू येतो.

हे संगीत आहे की गणित?

हा आक्षेप सर्वांत जुना आहे. बारा स्वरांचे ४७,९०,०१,६०० क्रम शक्य आहेत. त्यांतून नेमका एक निवडणे आणि त्यातून धून, लय, ध्वनीचा रंग घडवणे, यातले काहीही पद्धत स्वतःहून करून देत नाही. ते कानाने आणि कल्पनेनेच करावे लागते. तबल्याच्या तिहाईतही हिशेब असतोच, पण तिहाई सुंदर लागली की आपण हिशेबाला दाद देत नाही. शोनबर्गचेही म्हणणे असेच होते. त्याचा मेहुणा, व्हायोलिनवादक रुडॉल्फ कोलिश याने एका क्वार्टेटची स्वरमालिका शोधून काढली, तेव्हा १९३२ च्या पत्रात शोनबर्गने त्याला कळवले की अशा शोधातून रचना कशी घडली एवढेच समजेल, ती काय आहे हे समजणार नाही.

ज्यांना अजूनही शंका वाटते त्यांनी ‘वॉर्सातून वाचलेला’ ही १९४७ ची रचना ऐकावी. शोनबर्ग ज्यू होता. नाझी सत्तेवर येताच १९३३ मध्ये त्याला बर्लिनमधील अध्यापन सोडून देश सोडावा लागला. १९३८ च्या ड्युसेलडॉर्फमधील ‘अधःपतित संगीत’ या नाझी प्रदर्शनात त्याच्या संगीताची निंदा करण्यात आली. या रचनेत एक निवेदक वॉर्सा घेटोतील, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतील, माणसांना छळ सोसावा लागत असल्याचे आणि मृत्यूकडे नेण्यासाठी त्यांची मोजदाद केली जात असल्याचे सांगत जातो. मोजणी वेगवान होत जाते आणि अचानक पुरुषांचे समूहगान हिब्रू भाषेतील ‘शेमा यिस्राएल’ ही प्रार्थना गाऊ लागते. सगळी रचना जेमतेम सात मिनिटांची आणि बारा स्वरांच्या पद्धतीची आहे. कोणत्याही घरी न परतणारे हे स्वर इथे ज्या माणसांविषयी बोलतात, त्यांची घरेच हिरावली गेली होती. गोड स्वरसंगतीत ही गोष्ट सांगणे मला तरी असह्य वाटले असते.

स्ट्राविन्स्की: स्वर राहिले, ठेका मोडला

इगोर स्ट्राविन्स्की १८८२ मध्ये सेंट पीटर्सबर्गजवळ जन्मला आणि रिम्स्की-कोर्साकोव्हकडे शिकला. २९ मे १९१३ रोजी पॅरिसमध्ये त्याच्या ‘वसंताचा विधी’ या बॅलेचा पहिला प्रयोग झाला. नृत्यरचना निजिन्स्कीची होती आणि वाद्यवृंदाचे संचालन पिएर मोंतो करत होता. प्रेक्षागृहातील आरडाओरडा इतका वाढला की नर्तकांना वाद्यवृंद ऐकू येईना, आणि निजिन्स्की विंगेत खुर्चीवर उभा राहून त्यांना मात्रा ओरडून सांगू लागला. मोंतोने मात्र प्रयोग शेवटपर्यंत नेला.

या बॅलेत स्वरकेंद्रे पूर्ण नाहीशी होत नाहीत. रशियन लोकगीतांसारख्या छोट्या, चार-पाच स्वरांच्या धुना त्यात सतत येत राहतात. मोडले आहे ते आघातांचे नियमित येणे. सुरुवातीच्या संथ भागानंतर तंतुवाद्ये एकच कॉर्ड ठोकू लागतात. अर्ध्या स्वराच्या अंतरावरच्या दोन कॉर्ड एकमेकींवर ठेवून ती बनवली आहे. ती सारख्या गतीने ३२ वेळा वाजते. हाताने समान मात्रा देत ३२ पर्यंत मोजावे आणि १०, १२, १८, २१, २५ आणि ३० या आकड्यांवर जोराने टाळी द्यावी. स्ट्राविन्स्कीने आठ हॉर्नचे (हॉर्न हे फुंकून वाजवायचे पितळी वाद्य) आघात नेमके तिथे ठेवले आहेत. पहिल्या आघाताआधी ९ मात्रा जातात आणि पुढच्या आघातांमधली अंतरे २, ६, ३, ४, ५ अशी पडतात. गती जराही हलत नाही, तरी पुढचा आघात कधी येईल हे सांगता येत नाही, आणि म्हणून शरीर सावध होते.

तबला ऐकणाऱ्या मराठी श्रोत्याला इथे थोडा फायदा आहे आणि थोडी अडचणही. आडलयीचे आणि अनपेक्षित जागी येणारे आघात त्याला परके नाहीत. परंतु आपल्याकडे ते सगळे समेच्या ओढीने चालते; कितीही आडवळणे घेतली तरी सम ठरल्या जागी येते आणि मान आपोआप हलते. स्ट्राविन्स्कीच्या या भागात आवर्तन नाही, त्यामुळे सम शोधत बसलो तर चुकल्यासारखे वाटते. ती शोधायचे सोडून प्रत्येक आघात स्वतंत्र म्हणून घेतला, तर त्यातली ऊर्जा एकदम भिडते.

पॅरिसचा गोंधळ संगीतामुळे झाला, असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. रोष बराचसा नृत्यावर होता. एप्रिल १९१४ मध्ये पॅरिसमध्येच हे संगीत नृत्याविना सादर झाले, तेव्हा त्याला प्रचंड दाद मिळाली.

स्ट्राविन्स्की त्या जागी थांबला नाही. १९२० च्या ‘पुल्चिनेल्ला’पासून तो अठराव्या शतकातील घाटांकडे वळला आणि त्यांना स्वतःचे तिरकस वळण देत राहिला. शोनबर्गला हे पटले नाही. १९२५ च्या आपल्या एका समूहगानात त्याने स्ट्राविन्स्कीला ‘छोटा मॉडर्न्स्की’ म्हणून चिडवले. १९४० नंतर दोघेही लॉस एंजेलिसमध्ये काही मैलांवर राहत होते, तरी त्यांच्यात येणे-जाणे नव्हते. १९५१ मध्ये शोनबर्ग वारला आणि त्यानंतर काही वर्षांतच सत्तरी ओलांडलेल्या स्ट्राविन्स्कीने स्वरमालिकांनी लिहायला सुरुवात केली. काहींनी याला शरणागती म्हटले. ‘आगोन’ (१९५७) ऐकताना मला तसे वाटत नाही: पद्धत दुसऱ्याची असली तरी आघातांची ती धारदार फेक पहिल्या सेकंदापासून त्याचीच आहे.

बार्टोक: खेड्यातून आलेले नवे व्याकरण

बेला बार्टोक (१८८१ ते १९४५) या हंगेरियन रचनाकाराला नवे व्याकरण डोक्यातून काढावे लागले नाही. त्याला ते खेड्यांत सापडले. त्या काळी हंगेरीचे संगीत म्हणजे शहरातल्या उपाहारगृहांत वाजणारे झगमगीत व्हायोलिन, असा समज होता. बार्टोक आणि त्याचा मित्र झोल्तान कोदाय फोनोग्राफ आणि मेणाच्या नळ्या घेऊन गावोगाव फिरले आणि त्यांनी शेतकऱ्यांची, म्हाताऱ्या बायकांची गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यांतल्या सर्वांत जुन्या हंगेरियन गाण्यांचे स्वर पाच निघाले: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. आपल्या धानी रागाचे स्वरही हेच आहेत, अर्थात चलन वेगळे.

बार्टोक फक्त हंगेरियन गाण्यांवर थांबला नाही. त्याने रुमानियन आणि स्लोव्हाक गाणी गोळा केली, १९१३ मध्ये अल्जीरियातील बिस्क्रा भागात आणि १९३६ मध्ये तुर्कस्तानात जाऊन ध्वनिमुद्रण केले. शेजाऱ्यांचे संगीत इतक्या आस्थेने अभ्यासल्याबद्दल मायदेशातील राष्ट्रवाद्यांनी त्याच्यावर टीका केली, पण त्याने काम सोडले नाही. १९४० मध्ये युरोपातील फॅसिझमला कंटाळून तो अमेरिकेला गेला.

लोकगीत घ्यायचे आणि त्याला आधुनिक कॉर्डांचा साज चढवायचा, एवढेच हे काम होते का? काही छोट्या रचनांत तसे आहे. परिपक्व कृतींत मात्र एकही प्रत्यक्ष लोकगीत नसते. लोकगीतांची वळणे, विषम लयी आणि स्वरसमूह बार्टोकच्या स्वतःच्या बोलीत मुरलेले असतात. ‘मिक्रोकॉस्मॉस’ या पियानोच्या १५३ तुकड्यांच्या संग्रहाच्या शेवटी बल्गेरियन लयीतील सहा नृत्ये आहेत. त्यांतल्या १४९ व्या तुकड्यात मात्रांची विभागणी २, २, ३ अशी आहे. रूपक तालातही मात्रा सातच असतात, विभागणी ३, २, २. फरक गतीचा: इथे मात्रा इतक्या जलद धावतात की त्या मोजता येत नाहीत, आखूड-आखूड-लांब अशी पावलेच जाणवतात.

आजारी आणि आर्थिक ओढाताणीत असलेल्या बार्टोकने १९४३ मध्ये ‘वाद्यवृंदासाठी कॉन्चेर्टो’ लिहिला. त्यात विसंवादी स्वरही आहेत आणि गुणगुणता येतील अशा धुनाही आहेत. केंद्र न सोडता ते सैल करणे आणि त्या मोकळ्या जागेत नवे स्वरसमूह बसवणे, ही त्याची वाट. चौघांत नवख्या श्रोत्याला सर्वांत जवळचा वाटणारा हाच, असे माझे मत आहे.

मेसियाँ आणि देवगिरीचे ताल

ऑलिव्हिए मेसियाँ (१९०८ ते १९९२) या फ्रेंच रचनाकाराचा महाराष्ट्राशी एक खराखुरा धागा आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी, राजा सिंघणाच्या काळात, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात १२० देशी तालांची यादी आहे. ती यादी एका फ्रेंच संगीतकोशात छापली गेली आणि तरुण मेसियाँच्या हाती लागली. दौलताबादच्या किल्ल्यापाशी लिहिलेल्या त्या यादीतला ‘तुरंगलील’ हा ताल त्याच्या दहा भागांच्या सिंफनीचे नाव झाला. २ डिसेंबर १९४९ रोजी बॉस्टनमध्ये लेनर्ड बर्नस्टाइनच्या संचालनाखाली ती पहिल्यांदा वाजली.

मेसियाँने सोडला तो पुढे धावणारा काळ. ३, ५, ८, ५, ३ असे दोन्ही बाजूंनी सारखेच वाचता येणारे कालखंड त्याला फार आवडत. युद्धकैदी असताना त्याने ‘काळाच्या अंतासाठी चतुष्टक’ लिहिले आणि १५ जानेवारी १९४१ रोजी गोर्लिट्झच्या छावणीत कैद्यांसमोर ते सादर झाले. हाताशी जे वादक होते त्यांच्यासाठीच ते लिहिले होते: क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि पियानो. पहिल्या भागात पियानोला १७ कालखंडांची एक मालिका दिली आहे. ती रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश या तीन देशी तालांतून घेतली आहे. तिच्यावर २९ कॉर्डांची दुसरी मालिका चालते. १७ आणि २९ यांचा मेळ ४९३ कॉर्डांनंतरच पुन्हा बसेल, आणि त्याच्या कितीतरी आधी तो भाग संपतो. वर व्हायोलिन आणि क्लॅरिनेट पक्ष्यांचे बोल वाजवत असतात.

मेसियाँला आपले ताल खरोखर कळले होते का, ही शंका रास्त आहे. त्याने ते पुस्तकातून घेतले; आवर्तन, ठेका, सम यांपैकी काहीच त्याच्या संगीतात येत नाही. म्हणून त्याला भारतीय संगीत म्हणणे चुकीचे ठरेल. पण वेगवेगळ्या लांबीचे कालखंड एकापुढे एक मांडून त्यांचाच आकार घडवता येतो, हा शार्ङ्गदेवाच्या यादीतला विचार त्याने युरोपात रुजवला, आणि त्या गोष्टीचा मला मनापासून आनंद वाटतो.

हे कोणाला आवडते, आणि सुरुवात कुठून करावी?

शोनबर्गच्या बारा स्वरांच्या रचना आजही मोझार्टइतक्या लोकप्रिय नाहीत आणि तशा होतील असेही वाटत नाही. ‘वसंताचा विधी’ मात्र आता जगभरच्या वाद्यवृंदांच्या नेहमीच्या कार्यक्रमांत असतो, आणि डिस्नेच्या ‘फँटेशिया’ (१९४०) चित्रपटात डायनोसॉरच्या प्रसंगांना तेच संगीत आहे. ‘द शायनिंग’ (१९८०) या भयपटात बार्टोकचे १९३६ चे तंतुवाद्यांचे संगीत वापरले आहे. म्हणजे हे स्वर आपल्या कानांवरून गेलेले असतात. फक्त आपण त्यांना नावाने ओळखत नाही.

मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहताने लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकबरोबर ‘वसंताचा विधी’ आणि ‘रूपांतरित रात्र’ या दोन्हींचे ध्वनिमुद्रण केले आहे. सुरुवात बार्टोकच्या कॉन्चेर्टोने करावी, मग ‘वसंताचा विधी’चा पहिला अर्धा भाग आणि त्यानंतर मेसियाँच्या चतुष्टकाचा पहिला भाग ऐकावा. प्रत्येक तुकडा लागोपाठ दोनदा ऐकलेला बरा, कारण पहिल्या खेपेला कान केवळ काय नाही तेच नोंदवतो. शोनबर्गकडे ‘रूपांतरित रात्र’वरून जावे आणि मग ऑपस २५ मधील ‘म्युझेट’ हा छोटा तुकडा लावावा. म्युझेट ही मूळची मशकवाद्याची धून. तिच्या बुडाशी एक स्वर अखंड धरलेला असतो. शोनबर्गनेही तो ठेवला आहे. बाकीचे अकरा स्वर भोवती उड्या मारत असताना पंचम तिथल्या तिथे पुन्हा पुन्हा वाजत राहतो, आणि तानपुऱ्याला सरावलेला कान तो पहिल्याच खेपेला पकडतो.